सत्तेचाळीस नंबरची चाल

वहीत तिला नाव नाही.
सत्तेचाळीस, आणि पुढे
हसुराममास्तरांच्या निळ्या शाईत: 'जलद. दम धरणे.'
खाली सारेगम, तेही अर्धंच,
कारण पानाचा कोपरा उंदरांनी नेला
आणि उंदरांना दुसरा भाग जास्त आवडला.

चेंदणीत तिला 'घोडा अडला' म्हणतात.
नवरदेव कोपरीच्या नाक्यावर खोळंबला,
पुढे ट्रक, मागे दुसऱ्याची वरात,
की मास्तर नुसती मान हलवायचे
आणि चाल सुटायची
पाटीतून निवट्या सुटाव्यात तशी.
शेवटचा सूर पहिल्याच्या दारात उभा,
पहिला म्हणतो, ये, पुन्हा ये.
दहादा वाजली तरी चालते.
एकदाच वाजवणं म्हणजे लाज.

मास्तरांना ती दिली इनास मिस्किटाने.
उथळसरचा, व्हायोलिनवाला,
लग्नात वाजवायचा, मयतालाही,
हीच, जरा हळू करून.
इनासकडे आली पणज्याकडून,
पणज्याला कुणा फिटरकडून,
खाडीवरचा पूल बांधायला बोटीने आलेला,
लाल दाढीचा, हिवतापाने फणफणलेला,
पणज्याच्या ओटीवर महिनाभर पेज पिऊन पडलेला.
उठला तेव्हा खिशात एक पत्र्याची बासरी.
पेजेचे पैसे त्याने चालीत फेडले.
असं इनास सांगायचा.
इनास कोळंबीचा आकारही वाढवून सांगायचा.

तिसऱ्या ओळीत एक सूर नाही.
तिथे निषाद यायला हवा,
कान हात पुढे करतो
आणि हाताला हवा लागते.
कारण आम्हाला पाठ:
पंचाहत्तर साली मास्तरांच्या क्लॅरिनेटची चावी तुटली,
रबरबँड लावून लग्नसराई काढली,
तो सूर निघेना, म्हणून गाळला.
पुढे नवं वाद्य आलं, चेले आले,
चेल्यांचे चेले आले,
सगळ्यांनी तुटकी चावी तशीच वाजवली.
बाप लंगडायचा म्हणून
धडधाकट पोरगाही लंगडतो, तशी चाल.

मागच्या माघात एक बाई फुटपाथवर थांबली.
कळव्याच्या कारखान्यात यंत्र तपासायला आलेली.
गळ्यातल्या कार्डावरचं नाव मी वाचलं, तर हसली;
लिहितात एक, म्हणतात नीव.
पिशवीतून लाकडी बासरी काढली
आणि विचारलंही नाही, शिरली.
घोडा अडलेलाच होता.

पहिला भाग तोच. हरकतीसकट तोच.
दुसरा मात्र वर चढत गेला,
उंदरांनी नेलेला तोच की दुसराच कुठला,
देव जाणे.
तिच्या आजीकडे याला 'विधवेचं कुंपण' म्हणतात,
शेजारच्या गावात आणखी काहीतरी,
ते तिने लग्नघर बघून सांगितलं नाही.
रचली कुणी विचारलं, तर खांदे उडवले,
अगदी मास्तरांसारखे.

मग तिसरी ओळ आली.
मी ड्रमच्या काठ्या हलक्या केल्या,
म्हटलं, आता ऐकू येईल तो,
साठी उलटल्यावर का होईना.

तिनेही गाळला.

तिथेच. तेवढाच.
जणू कुणी दार लोटून घेतलं.

मी खुणेने विचारलं, का?
तिने करंगळीशेजारचं बोट दुमडून दाखवलं.
आजीच्या मामाचं,
गवत कापायच्या यंत्रात गेलं.
तिलाही कारण पाठ होतं.

घोडा सुटला. नवऱ्याच्या मामाने
तिच्या बासरीवरून दहाची नोट ओवाळली,
ती तिने घडी घालून ठेवली, पासपोर्टात.

त्या रात्री वही काढली,
दुसरा भाग विसरायच्या आत उतरवायला.
तिसऱ्या ओळीत, नि असायला हवा तिथे,
मास्तरांनी आखलेला एक रिकामा चौकोन.
आणि पानाच्या डोक्यावर, फिकट,
आठ मे अडुसष्ट.
इतकी वर्षं ही वही माझ्याकडे,
तारीख कधी वाचली नव्हती.

रबरबँड मात्र खरा होता.
मीच आणून दिला होता.